काळ्या सदऱ्यांचा संघ : वॉर्सा येथील 'पोलोनिया'ची परंपरा व तिचीं साधनें

एखादी संस्था काळाच्या ओघांत तीच राहिली कीं बदलली, हें ठरविण्याचें आपलें माप ठरलेलें आहे. नांव तेंच, जागा तीच, निशाण तेंच आणि जुन्या सनदा हातांत, एवढें दिसलें म्हणजे मठ, देवस्थान अथवा घराणें यांची परंपरा अखंड आहे असा निवाडा आपण देतों. परंतु जिचें नांव राजसत्तेनें काढून घेतलें, जिची जागा युद्धांत उद्ध्वस्त झाली, जिच्या शहरांतील दप्तरखाने जाळले गेले आणि शेवटीं जिचा दर्जाहि गेला, ती संस्था उरली असें कशाच्या आधारें म्हणावयाचें? प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा विचार आम्हीं पोलंडची राजधानी वॉर्सा येथील 'पोलोनिया' नांवाच्या फुटबॉल संघाच्या उदाहरणावरून केला आहे.

खेळाच्या संघाचा इतिहास हा संशोधनाचा विषय होतो काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर आपल्याच प्रांतांत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धांत देशोधडीस लागलेले हजारों पोलिश लोक इ. स. १९४३ ते १९४८ ह्या काळांत कोल्हापुरानजीक वळिवडें येथील छावणींत राहिले होते. तेथें त्यांनीं आपल्या शाळा, आपलें प्रार्थनामंदिर व आपलीं बालवीर पथकें चालविलीं. राज्य हातचें गेलें असतां राष्ट्र अशा लहान लहान संस्थांच्या आश्रयानें जगतें, हें त्यावरून दिसतें. वॉर्साचा हा संघ त्याच जातीचा आश्रय होता. त्याच्या इतिहासाकडे पाहण्याचें आमचें प्रयोजन तेंच होय.

१. नांव

पोलंडचें राज्य रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं इ. स. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळां वांटून घेतलें. इ. स. १८१५ च्या व्हिएन्ना येथील करारानें वॉर्सा शहर रशियाच्या झारच्या छत्राखालीं आलें. इ. स. १८३० व १८६३ चे उठाव मोडल्यानंतर झारच्या सरकारनें सरकारी लिखाणांतून 'पोलंड' हा शब्दच मागें सारला व त्या मुलुखास 'विश्चुला नदीचा प्रांत' अशा अर्थाचें नांव रूढ केलें. मुलूख जिंकल्यावर त्याचें नांव पुसणें हा विजेत्यांचा जुना परिपाठ आहे. त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुसलेलें नांव पुन्हां कोठें व कोणाच्या हातून उमटलें ह्यांत.

इ. स. १९०५ च्या क्रांतीनंतर बंधनें किंचित् सैल झालीं व पोलिश भाषेंतून शिकविणाऱ्या खाजगी शाळा निघाल्या. त्याच सुमारास तेथील विद्यार्थ्यांत फुटबॉलचें वेड शिरलें. इ. स. १९११ सालीं अशा तरुणांतून एक संघ उभा राहिला. पुढें पोलिश सैन्यांत कॅप्टन झालेले वाट्स्वाफ डेनहोफ-चार्नोत्स्की हे त्याच्या उभारणींत अग्रेसर होते, व 'पोलोनिया' हें नांव त्यांनींच दिलें. १९ नोव्हेंबर १९११ रोजीं 'कोरोना' नांवाच्या दुसऱ्या स्थानिक संघाशीं त्यांचा सामना झाला, आणि तो पोलोनियानें ३ विरुद्ध ४ गोलांनीं गमावला. पराभवानें आरंभ झालेल्या ह्या संघाचें नांव मात्र त्या सामन्याहून पुष्कळ मोठें होतें.

'पोलोनिया' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ पोलंड असाच आहे. लॅटिन ही शाळेंतील व देवळांतील भाषा. त्या भाषेच्या पडद्याआड बसून हा शब्द मैदानावर मोठ्यानें ओरडतां येत होता. ज्या शहरांत देशाचें नांव सरकारी कागदावर लिहिलें जात नव्हतें, त्या शहरांत गोल झाला कीं जमलेला समुदाय देशाच्याच नांवाचा घोष करूं लागला. पाठीराखे म्हणून संघाभोंवतीं जे लोक गोळा झाले, त्यांच्या निष्ठेचें पहिलें कारण ह्या नांवांत आहे.

२. सदरा

संघाचे खेळाडू आरंभींच्या वर्षांतच काळे सदरे घालूं लागले, व त्यावरून 'काळे सदरे' असें उपनांव त्यांस पडलें. तें आजहि चालू आहे. संघाचे रंग काळा, पांढरा व तांबडा असे तीन आहेत. त्यांपैकीं पांढरा व तांबडा हे पोलंडचे राष्ट्रीय रंग होत. काळ्या रंगाविषयीं परंपरा अशी सांगते कीं, पारतंत्र्यांत पडलेल्या मायभूमीच्या शोकासाठीं तो धारण केला.

ही परंपरा बखरीच्या जातीची आहे, आणि बखर जशी वाचावयाची तशीच ती वाचली पाहिजे. बखरकार जें सांगतो तें प्रत्यक्ष घडलें कीं नाहीं, हा एक प्रश्न. तें लोकांस खरें कां वाटलें, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निश्चित देतां येतें. इ. स. १८६१ सालीं वॉर्सा येथें रशियन सैन्यानें निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हांपासून पोलिश स्त्रिया राष्ट्रीय शोक म्हणून काळीं वस्त्रें व काळे दागिने वापरूं लागल्या. १८६३ च्या उठावांत ही चाल इतकी पसरली कीं सरकारला शोकवस्त्रांवर बंदी घालून दंड बसवावा लागला. ज्या पिढीच्या आज्यांनीं काळ्या वस्त्रापायीं दंड भरला, त्या पिढीच्या डोळ्यांस काळा सदरा हा केवळ कापडाचा तुकडा दिसणें शक्य नव्हतें. विकत घेणाऱ्याच्या मनांत कांहींहि असो, पाहणाऱ्यानें त्याचा अर्थ लावला, व तो अर्थ रंगाला कायमचा चिकटला. परंपरेचें प्रामाण्य येथें वस्तुस्थितीपुरतें मर्यादित धरावें, परंतु लोकांच्या समजुतीचें साधन म्हणून तें अव्वल दर्जाचें मानावें, असें आमचें मत आहे.

३. जागा

पहिल्या महायुद्धांत ऑगस्ट १९१५ मध्यें रशियन फौजा वॉर्सा सोडून गेल्या, व नोव्हेंबर १९१८ मध्यें पोलंड स्वतंत्र झाला. इ. स. १९१७ सालीं पोलोनियाचा 'लेगिया' ह्या संघाशीं पहिला सामना झाला व तो १-१ असा बरोबरींत सुटला. लेगिया हा सैन्यांतून निघालेला संघ. ह्या दोघांची स्पर्धा तेव्हांपासून वॉर्साच्या लोकजीवनाचें एक अंग होऊन बसली आहे. इ. स. १९२१ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली पुरी स्पर्धा झाली, तींत क्राकोविया पहिली व पोलोनिया दुसरी आली. त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं पोलंडचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना हंगेरीविरुद्ध बुडापेस्ट येथें खेळला. त्या वेळचा गोलरक्षक यान लोट हा पोलोनियाचा होता. इ. स. १९२७ सालीं राष्ट्रीय लीग स्थापन झाली, तिच्या मूळ सभासदांत पोलोनियाची गणना आहे.

इ. स. १९२८ सालीं संघाचें स्वतःचें मैदान कॉनविक्तोर्स्का रस्त्यावर झालें. ह्या जागेचें स्थान नीट लक्षांत घेण्यासारखें आहे. एका अंगास वॉर्साचें 'नवें नगर', तर दुसऱ्या अंगास झार पहिला निकोलस यानें १८३० चा उठाव मोडल्यावर शहरास धाक बसविण्यासाठीं बांधलेला किल्ला. ह्याच किल्ल्याच्या उतारावर १८६३ च्या उठावाचा शेवटचा नायक रोमुआल्ड ट्राउगुट यास ५ ऑगस्ट १८६४ रोजीं फांशी दिलें. देशाचें नांव धारण करणाऱ्या संघानें त्या किल्ल्याच्या सावलींत खेळावें, हें पाहणाऱ्यांस अर्थपूर्ण वाटलें असल्यास नवल नाहीं.

ह्या काळांत संघाचे आश्रयदाते जनरल काझिमिएश सोस्नकोव्स्की हे होते. पिल्सुद्स्की यांचे जुने सहकारी, स्वतंत्र पोलंडचे युद्धमंत्री, व इ. स. १९४३-४४ मध्यें परदेशस्थ पोलिश फौजांचे सरसेनापति अशी त्यांची योग्यता होती. पुढें मैदानास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु ज्या आश्रयानें संघाची प्रतिष्ठा वाढली, तोच आश्रय युद्धानंतर त्यास अडचणीचा झाला; तें पुढें येईलच.

४. आग व दप्तरें

सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मनीनें पोलंड घेतला. जर्मन अंमलांत पोलिश लोकांच्या क्रीडासंस्था बंद केल्या गेल्या, तरी वॉर्साचे खेळाडू शहराबाहेरच्या लहान गांवीं गुप्तपणें सामने भरवीत. पाहणारेहि जात. सामना पाहण्यास जाणें ह्यांत पकडलें जाण्याची जोखीम होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पाठीराखा ह्या शब्दाचा अर्थ त्या चार-पांच वर्षांत किती बदलला तें कळतें.

१ ऑगस्ट १९४४ रोजीं वॉर्साचा उठाव सुरू झाला व तो ६३ दिवस चालला. जुन्या नगराच्या उत्तर अंगाची लढाई पोलोनियाच्या मैदानाच्या आसपास झाली. मैदानाशेजारीं चलनी नोटा छापण्याचा भक्कम कारखाना होता. तो बंडवाल्यांनीं नेटानें लढविला, व २८ ऑगस्ट रोजीं तो पडला. २ सप्टेंबर रोजीं द्वुगा रस्त्यावरील प्राचीन कागदांचें मुख्य दप्तर जळालें. ऑक्टोबरांत शहर शरण आल्यानंतर ओकूलनिक रस्त्यावरील ग्रंथालय पेटविण्यांत आलें. सुरक्षित राहावीं म्हणून तेथें ठिकठिकाणचीं हस्तलिखितें एकत्र आणून ठेविलीं होतीं, तीं सर्व राख झालीं. नोव्हेंबरांत अर्वाचीन दप्तरखान्यासहि तीच गति मिळाली. एकेका पोथीच्या पानासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आपल्या वाचकांस ह्या तीन महिन्यांचा हिशेब वेगळा करून सांगण्याची गरज नाहीं.

अशा शहराचा इतिहास लिहिणारास मग दुय्यम साधनांकडे वळावें लागतें. वॉर्साचें जुनें नगर पुन्हां बांधतांना अठराव्या शतकांतील चित्रकार बर्नार्दो बेलोत्तो याच्या नगरचित्रांचा उपयोग केला गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. क्रीडासंघाच्या बाबतींत बेलोत्तोची जागा किरकोळ कागद घेतात : वर्तमानपत्रांतील सामन्यांच्या हकीकती, खेळाडूंच्या घरीं राहिलेलीं छायाचित्रें, सभासदत्वाच्या चिठ्या, तिकिटें, छातीवर लावावयाचीं बिल्लें. ह्या वस्तु कोणीं मौल्यवान् समजून दप्तरखान्यांत ठेविल्या नव्हत्या. म्हणूनच दप्तरखान्याच्या आगींतून त्या वांचूं शकल्या.

५. काढून घेतलेलें नांव

युद्ध संपल्यावर राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा इ. स. १९४६ सालीं झाली, आणि ती पोलोनियानें जिंकली. शहराच्या विश्चुलेच्या डाव्या तीरावरील भागाचा चार-पंचमांशाहून अधिक नाश झालेला. स्वतःचें मैदान मोडलेलें, त्यामुळें सामने लेगियाच्या मैदानावर खेळावे लागले. संघाचा नायक व्वादिस्वाफ श्चेपानियाक हा १९३८ च्या विश्वचषकांत ब्राझीलविरुद्ध ५-६ असा गाजलेला सामना खेळणाऱ्या पोलिश संघाचाहि नायक होता. युद्धापूर्वींचा व युद्धानंतरचा संघ यांस जोडणारा दुवा अशा माणसांच्या रूपानें शिल्लक होता. ज्यांच्या घराचें छप्पर गेलें होतें, त्या नागरिकांना आपलें शहर जिवंत आहे ह्याची खूण ह्या विजयांत मिळाली.

परंतु नव्या राजवटीनें इ. स. १९४९ च्या सुमारास सर्व क्रीडासंस्था सोव्हिएट पद्धतीवर निरनिराळ्या सरकारी खात्यांस व कामगारसंघांस जोडल्या. पोलोनिया रेल्वेखात्याकडे गेला व त्याचें नांव 'कोलेयाश', म्हणजे रेल्वेवाला, असें झालें. लेगियाच्या पाठीशीं सैन्याचें बळ होतें. उत्तम खेळाडू लष्करी सेवेच्या निमित्तानें तिकडे ओढले जात. उलट ज्या संघाचे आश्रयदाते परदेशस्थ सरसेनापति, त्यावर नव्या सत्तेची मर्जी बसण्याचा संभव नव्हता. इ. स. १९५२ सालीं ह्या संघानें एक विलक्षण प्रकार केला : अंतिम सामन्यांत लेगियाच्या दुय्यम संघास १-० असें हरवून राष्ट्रीय चषक जिंकला, आणि त्याच वर्षीं लीगमध्यें तळाशीं जाऊन वरिष्ठ श्रेणींतून खालीं उतरला. इ. स. १९५६ च्या राजकीय मोकळिकीनंतर 'पोलोनिया' हें नांव परत मिळालें. वरिष्ठ श्रेणी मात्र मिळाली नाहीं. ती मिळण्यास इ. स. १९९३ साल उजाडावें लागलें.

म्हणजे ४१ वर्षें हा संघ खालच्या श्रेणींत राहिला. ह्या काळाच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या याद्या पाहिल्या तर त्यांत पोलोनियाचें नांव क्वचितच सांपडेल. राजकीय इतिहासांत तर नाहींच. तरी आमच्या प्रश्नाचें उत्तर ह्याच काळांत आहे. जेथें विजयाची आशा नाहीं, मोठे पाहुणे संघ येत नाहींत, सरकारी कृपा नाहीं, तेथें दर पंधरवड्यास येऊन बसणारा मनुष्य कशासाठीं येतो? बाप येत असे म्हणून तो येतो. आणि शहर जळण्यापूर्वींचें जें थोडें कांहीं उरलें आहे, त्यांत हें एक आहे म्हणून येतो. पुढील पिढीस सांगावयाच्या गोष्टी त्यानें जपल्या, व काळा सदरा शोकाचा आहे ही परंपरा त्याच्याच मुखानें टिकली. वतन गेलेल्या घराण्यांतील वृद्ध माणसें जशीं वंशावळ पाठ म्हणून ठेवतात, तसें हें झालें.

६. विकत मिळतें तें व न मिळतें तें

इ. स. १९९३ मध्यें वर आलेला संघ एका वर्षांत पुन्हां खालीं गेला, १९९६ मध्यें परतला, आणि इ. स. २००० मध्यें ५४ वर्षांनीं दुसऱ्यांदा राष्ट्रीय अजिंक्य ठरला. हें विजेतेपद लेगियाच्याच मैदानावर लेगियास ३-० असें हरवून निश्चित झालें. १९४६ सालीं ज्या शेजाऱ्याच्या मैदानाचा आसरा घ्यावा लागला होता, तेथेंच हा योग यावा, हें पाठीराख्यांस विशेष वाटलें. ह्या संघांतील अग्रगण्य खेळाडू एमॅन्युएल ओलिसादेबे हा मूळचा नायजेरियाचा होता. त्याच वर्षीं त्यास पोलिश नागरिकत्व मिळालें व तो पोलंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळूं लागला. जन्मानें आफ्रिकेचा असलेला तो त्या राष्ट्रीय संघांतील पहिला खेळाडू होय. देशाचें नांव धारण करणाऱ्या संघाच्या इतिहासांत ही नोंद मोलाची आहे. पुढील वर्षीं, इ. स. २००१ मध्यें, राष्ट्रीय चषकहि पोलोनियाकडे आला.

ह्यानंतरच्या दोन गोष्टी परस्परांशेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. इ. स. २००६ मध्यें संघ पुन्हां खालीं उतरला. इ. स. २००८ मध्यें तत्कालीन मालकानें ग्रोजिस्क येथील एका संघाची वरिष्ठ श्रेणींतील जागा विकत घेऊन पोलोनियास तेथें बसविलें. पांच वर्षांनीं, इ. स. २०१३ मध्यें, संघाची आर्थिक स्थिति इतकी ढासळली कीं त्यास वरिष्ठ श्रेणींत खेळण्याचा परवाना नाकारला गेला. पैशानें मिळालेली जागा पैशाअभावीं गेली. संघाची मुलांना शिकविणारी संस्था तेवढी शिल्लक होती. तिनें पाठीराख्यांच्या साह्यानें प्रौढांचा संघ पुन्हां उभा केला व पांचव्या श्रेणींतून आरंभ केला.

कायद्याच्या दृष्टीनें ही नवी मांडणी होती. परंतु काळे सदरे घालून कॉनविक्तोर्स्कावर उतरलेल्या अकरा जणांस हा वेगळा संघ आहे असें तेथें जमलेल्या लोकांपैकीं कोणींहि मानलें नाहीं. एक-एक पायरी चढत, मध्यें एकदां घसरून, हा संघ इ. स. २०२२ मध्यें तिसऱ्या व २०२३ मध्यें दुसऱ्या श्रेणींत पोंचला.

७. निष्कर्ष

येणेंप्रमाणें एका शतकाहून अधिक काळाची हकीकत पाहिली असतां पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली ही कीं, नांव, जागा, निशाण व दर्जा हीं संस्थेच्या अखंडत्वाचीं लक्षणें खरीं, पण कारणें नव्हेत. पोलोनियाचें नांव इ. स. १९५० च्या सुमारास काढून घेतलें, जागा १९४४ मध्यें उद्ध्वस्त झाली, दर्जा १९५२ मध्यें व पुन्हां २०१३ मध्यें गेला. तरी परंपरा तुटली नाहीं, कारण हीं सर्व आपलींच होतीं असें म्हणणारे लोक तुटले नाहींत. संधि मिळतांच त्यांनीं तींच लक्षणें पुन्हां धारण केलीं. म्हणून एखाद्या संस्थेचा अखंडपणा ठरवितांना सनदेबरोबरच ती सनद आपली म्हणणारा समुदाय कोणता होता, हें पाहिलें पाहिजे.

दुसरी ही कीं, विजयाच्या वर्षांपेक्षां पडत्या वर्षांचीं साधनें अधिक मोलाचीं आहेत. १९४६ व २००० सालच्या विजयांचें वर्णन सर्वत्र आढळतें. १९५२ ते १९९३ मधील एखाद्या पावसाळी दिवसाच्या सामन्याचें मळकें तिकीट कोणी जपलें असेल, तर संस्था जिवंत होती ह्याचा खरा पुरावा तें आहे.

तिसरी गोष्ट संग्राहकांसाठीं. राजदरबारचे व मुख्य दप्तरांतले कागद आपण आधीं शोधतों, व तें योग्यच आहे. परंतु मोठीं दप्तरें एका जागीं असतात, आणि म्हणून एका आगींत जातात. वॉर्सानें हें तीन महिन्यांत दाखविलें. किरकोळ कागद हजार घरांत विखुरलेले असतात, व त्या विखुरण्यांतच त्यांचें रक्षण आहे. जुन्या रुमालाच्या तळाशीं एखाद्या तालमीची हजेरी, क्रीडामंडळाची वर्गणीची पावती किंवा सामन्याचें पत्रक सांपडलें, तर तें निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नये. त्यावर तारीख, ठिकाण व मूळ मालकाचें नांव टिपून तें जपून ठेवावें.